यात काहीही घालू नये

थंडी पडली की नाशिकच्या पेपरात दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिल्या पानावर निफाडचा पारा किती घसरला ते, आणि पुरवणीत त्वचेची काळजी कशी घ्यावी ते. निफाडच्या पाऱ्याचं आपल्या हातात काही नसतं, म्हणून सगळं घर दुसऱ्या बातमीच्या मागे लागतं. तोवर हातपाय उललेले असतात. हसलं तर ओठ फुटतो, त्यामुळे घरातले विनोद बंद पडतात. टाचांच्या भेगा चादरीत अडकतात. पोटरीवर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते, आणि शाळकरी मुलं तिथे फुलीगोळा खेळायला बसतात.

मग बाटल्या निघतात. एक बाथरूममध्ये, एक आरशापाशी, एक स्कूटरच्या डिकीत. या बाटल्यांच्या पाठीवर मुंगीच्या पावलांनी घटकांची यादी छापलेली असते. ती सगळी वाचायची गरज नाही, पहिलं नाव पुरे. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, आणि बहुतेक लोशनांत पहिला नंबर पाण्याचा असतो. बाटलीत निम्म्याहून जास्त तेच. आता पाणी आणि तेल काही एकत्र नांदत नाहीत, म्हणून दोघांना धरून ठेवणारा मध्यस्थ लागतो. पाणी आलं की जंतू आणि बुरशी आलीच, म्हणून प्रिझर्वेटिव्ह लागतं. मध्यस्थ आणि प्रिझर्वेटिव्ह यांचा वास झाकायला सुगंध लागतो. एका पाण्यापायी एवढं बिऱ्हाड.

हे ज्ञान आमच्या कन्येने जेवता जेवता सगळ्यांना दिलं आणि जाहीर केलं, की यंदा घरात बाटली येणार नाही. आपण मॉइश्चरायझरची वडी करायची. मेण, घट्ट तेल आणि पातळ तेल वितळवायचं, साच्यात ओतायचं, गार करायचं. अंगाच्या उबेने आणि चोळण्याने वरचा थर मऊ होतो आणि कातडीवर पसरतो. पाण्याचा थेंब नाही, म्हणून जंतूंना थारा नाही, म्हणून प्रिझर्वेटिव्ह नाही.

“आणि काय घालायचं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आजी. एवढंच.”

“अगं, पण काहीतरी घालतच असतील.”

या एका वाक्यात पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज आहे. वडी करणं अवघड नाही. आपल्याकडे अवघड आहे ते तिच्यात काही न घालणं.

सुरुवात मेणापासून झाली. किराणा दुकानात मेण मागितलं तर दुकानदार मेणबत्त्यांचा पुडा काढतो, आणि “ते नको, मधमाशीचं” म्हटलं तर मधाची बाटली काढतो. मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन, ते खनिज तेलापासून निघतं. मधमाशीचं मेण मिळतं काष्ठौषधींच्या दुकानात. रविवार कारंज्याच्या आसपास शोधल्यावर सापडलं: पिवळट, ओबडधोबड ढेप, आणि नाकाला लावलं की पुसट मधाचा वास. दुकानदाराने तुकडा तोडून देताना चष्म्यावरून बघत विचारलं, “चपलेला की चेहऱ्याला?” मोच्यांचा दोरा याच मेणातून ओढून घेतात, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

या मेणाची जन्मकथा ऐकली तर माणूस ते जपून वापरेल. तरण्या कामकरी माश्यांच्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते बारीक पापुद्र्यांच्या रूपात पाझरतं. एक किलो मेण व्हायला माश्या साधारण 6 ते 8 किलो मध खातात, असा मधमाशीपालकांचा हिशोब आहे. नवऱ्याने लगेच मोबाइल काढून आमच्या तुकड्यामागे किती मध गेला ते काढलं. मग स्वतः कोरड्या पोळीचा घास घेऊन थोडा वेळ गप्प बसला.

घट्ट तेलासाठी परदेशी पाककृतींत शिआ बटर सांगतात. ते आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांचं. आमची सावंतवाडीची आत्या असताना आफ्रिकेला जायचं कारण नव्हतं. कोकणात मे महिन्यात रातांबे पिकले, की साली आमसुलांसाठी आणि आगळासाठी जातात आणि बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की तेल वर तरंगतं. ते काढून घ्यायचं. थोडं निवलं की घट्ट होतं, आणि मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. हे मुठेल, म्हणजेच कोकम तेल. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातल्या टाचा याच्यावर निभावल्या, जुन्या घरांत ते जेवणातही जायचं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हेच तेल आता ‘कोकम बटर’ नावाने चकचकीत डब्यांतून परत आपल्याकडे येतं. आत्याने मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून चार गोळे पाठवले. त्यांच्यावर बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. सोबत फोनवर सूचना: “तेच्यात काय एक घालू नको गो.”

आत्या आणि कन्या यांचं आयुष्यात प्रथमच एकमत झालं होतं.

पातळ तेल म्हणून खोबरेल. नाशिकच्या डिसेंबरात त्याला पातळ म्हणणं धाडसाचं आहे, कारण 24 अंशांच्या खाली ते गोठतं आणि सकाळी बाटलीत काडी घालून उकरावं लागतं. प्रमाण असं: 100 ग्रॅमच्या घाण्याला 25 ग्रॅम मेण, 25 ग्रॅम कोकम तेल आणि 50 ग्रॅम खोबरेल. शिआ बटर असेल तर तिन्ही सारख्या वजनाने घेतात. पण कोकम तेल मुळात टणक, त्यात तेवढंच मेण घातलं तर वडी अंगाला लावण्यापेक्षा दाराला अडसर म्हणून लावावी लागेल.

घरी केलेली वस्तू स्वस्त पडते, हा आपल्याकडचा मोठा आनंद. तो आनंद मिळवण्यासाठी नवऱ्याने ग्रॅमचा वजनकाटा मागवला. मग थर्मामीटर आला, फुलांच्या आकाराचे सिलिकॉनचे साचे आले, आणि झाकणाच्या डब्या आल्या, ज्या डझनावारीच मिळतात. एवढ्या पैशांत लोशनच्या किती बाटल्या आल्या असत्या, हा हिशोब मात्र त्याने मोबाइलवर केला नाही.

मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही, ते पेट घेऊ शकतं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात डबा उभा करायचा. या प्रकरणात पाण्याचा संबंध एवढाच, आणि तोही बाहेरून. आधी मेण, कारण ते वितळायला सगळ्यांत उशीर, 62 ते 64 अंश. मग कोकम तेल, ते चाळिशीच्या आसपासच विरघळतं. शेवटी खोबरेल. नवरा थर्मामीटर धरून आकडे पुकारत होता. सासूबाई म्हणाल्या, “मेण दिसेनासं झालं की वितळलं. एवढ्यासाठी काडी कशाला खुपसायची?”

सिलिकॉनचे साचे बाजूला ठेवून त्यांनी ताट घेतलं. ताटात ओतायचं, चाकूने रेघा मारायच्या, शंकरपाळ्याच्या आकारात कापायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. ओतण्याआधी त्या क्षणभर थांबल्या.

“ताटाला तुपाचा हात लावू का?”

“नको!” तिघांनी एकदम सांगितलं.

पहिला घाणा ओट्यावरच निवायला ठेवला होता, तो सावकाश गार झाला आणि दाणेदार झाला. असली तेलं हळूहळू गोठली की त्यातले घटक एकेक करून गोठतात आणि बारीक कणी पडते. उपाय सोपा आहे: ओतलं की ताट फ्रिजमध्ये. पण जिच्या घरात लोण्याचं तूप कढतं, तिला कणी हा दोष आहे हे पटवणं फार कठीण. सासूबाई आल्यागेल्याला ती वडी मोडून दाखवत होत्या: “बघा, कशी रवाळ झालीय!” फ्रिजमधल्या दुसऱ्या ताटावर कन्येने चिठ्ठी लावली: ‘खाऊ नये’. संध्याकाळी तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘का?’

वडी उत्तम झाली. इथेच थांबायला हवं होतं.

पण मराठी स्वयंपाकघराची निम्मी हुशारी पाणी घालण्यात आहे. पंगतीला दोन पानं वाढली की आमटीत पाणी. शाम्पू संपत आला की बाटलीत पाणी, पुढचे दोन रविवार निघतात. भांड्यांच्या लिक्विडला तर पाणी पाजल्याशिवाय आपण बूच लावत नाही. उरलेली हुशारी ‘चिमूटभर’ या मापात असते. त्यामुळे पाणी नाही आणि चिमूटही नाही अशी कृती आपल्याला अर्धवट वाटते, सांगणाऱ्याने काहीतरी राखून ठेवलंय असा संशय येतो.

सासूबाईंनी पुरावा काढला शतधौत घृताचा. आयुर्वेदात तांब्याच्या भांड्यात तूप घेऊन पाण्याने शंभर वेळा धुतात. फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं घालायचं. शेवटी तूप पांढरंशुभ्र, मऊ मलम होतं. हे खरं आहे, आणि ते चांगलंही असतं. पण तिथे पाणी घालायचं असतं तितकंच काढायचंही असतं, आणि शंभर हा आकडा बोलायला सोपा आहे. साठीच्या आसपास दारावर कुरिअरवाला आला की पुन्हा पहिल्यापासून, कारण कुणालाच आकडा आठवत नाही.

खरं तर मेण आणि तेलाची वडी सासूबाईंच्या आईच्या फणेरपेटीतही होती. कुंकू टिकावं म्हणून कपाळाला आधी मेण लावायचं, आणि हे मेण म्हणजे मधमाशीचं मेण खोबरेलात वितळवून डबीत गोठवलेलं. कृती तीच, घटक तेच. फक्त ते कपाळापलीकडे लावावं असं कुणाच्या मनात आलं नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बायकांच्या कातडीचा रुपयाएवढा तुकडा तेवढा बारमाही मऊ राहिला, बाकीची उलत राहिली.

मोह केवळ आपलाच आहे असंही नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा मोठा ग्रीक वैद्य होता. कोल्ड क्रीमचं मूळ त्याच्या नावावर सांगतात. त्याने मधमाशीचं मेण घेतलं, ऑलिव्हचं तेल घेतलं, आणि हात आवरला नाही म्हणून गुलाबपाणी घातलं. ते पाणी अंगावरून उडून जाताना गार वाटायचं, म्हणून ‘कोल्ड’. पण मिश्रण फुटायचं, तेल एकीकडे आणि पाणी एकीकडे. ते टिकवण्यासाठी पुढच्या लोकांनी आणखी काय काय घातलं, आणि ती परंपरा आपल्या डिकीतल्या बाटलीपर्यंत येऊन पोहोचली.

अखेर सासूबाईंना पटलं ते एकाच गोष्टीने. “आई,” मी म्हटलं, “ही वडी म्हणजे लोणच्याची बरणी आहे.” झालं. ज्या बाईने चाळीस वर्षं लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागू दिला नाही, तिला याहून जास्त रसायनशास्त्र लागत नाही. त्या दिवसापासून त्या वडीच्या पहारेकरी झाल्या. ओल्या हाताने डबी उघडायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

पण बरणी आपल्याच घरात असते. वडी बाहेर गेली.

संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, हा दरवर्षीचा पेच. प्लॅस्टिकच्या वाट्या देऊन झाल्या होत्या, आणि त्याच वाट्या दुसऱ्यांच्या हळदीकुंकवात परत मिळूनही झाल्या होत्या. यंदा प्रत्येकीला बटर पेपरात गुंडाळलेली वडी दिली. सोबत चिठ्ठी: घटक, वापरायची रीत, कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी ही सूचना, आणि खाली ठळक अक्षरांत ‘यात काहीही घालू नये’. सगळ्यांना वडी आवडली. सगळ्यांनी कृती मागितली. आणि सगळ्यांनी ती घरी जाऊन सुधारली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कोरफडीचा गर घातला. कोरफडीच्या गरात जवळपास सगळं पाणीच असतं. ते तेलात मिसळलं नाही, वडीच्या पोटात थेंबाथेंबाने दडून बसलं, आणि थोड्या दिवसांत तिथे हिरवट केस उगवले. काकूंनी मला फोटो पाठवून विचारलं, “हे कोरफडच वाढतेय का गं?”

समोरच्या वहिनींनी मध घातला. मेण मधमाशीचंच, मग मध घालायला काय हरकत, या विचारात तर्क होता. पण मध तेलात विरघळत नाही. तो तळाशी बसला, आणि वडी उशापाशी ठेवून झोपलेल्या भाऊजींना पहाटे मुंग्यांनी उठवलं.

एकीने हळद घातली. हळदीची पूड तेलात तरंगते, मग खाली बसते, आणि वडीपेक्षा जास्त चादरीला लागते. त्यांचं सगळं कुटुंब आठवडाभर पिवळ्या कोपरांनी वावरत होतं. लिफ्टमध्ये कुणीतरी विचारलंच, “तुमच्याकडे कार्य ठरलंय का?”

सगळ्यांत धाडसी प्रयोग एका ताईंनी केलेला, लिंबाचा. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलं, तर काहींना अंगावर चट्टे उठतात, डाग पडतात. “पण ते तर नॅचरल आहे,” ताई म्हणाल्या. या एका शब्दावर आपली भाबडी श्रद्धा आहे. बिब्बासुद्धा नॅचरल आहे, झाडालाच लागतो, आणि त्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. खाजकुयलीला कुणी कारखाना काढलेला नाही. निसर्गाने सगळ्या वस्तू आपल्या कातडीचा विचार करून बनवल्या असत्या, तर निफाडचा पारा एवढा घसरलाच नसता. वास हवाच असेल तर लव्हेंडरचं वगैरे सुगंधी तेल 100 ग्रॅमला वीसेक थेंब, त्यापुढे हात आवरावा. तसं कोकम तेल आणि मेण यांचा स्वतःचा वास वाईट नसतो, फक्त तो आलेला कळायला नाक रिकामं लागतं.

या सगळ्यात ज्यांचं कुणीच ऐकून घेतलं नाही, त्या आमच्या कामाच्या मावशी. मेणाचा डबा त्यांनी गरम पाण्याने घासला, साबणाने घासला, राखेने घासला, आणि शेवटी माझ्यापुढे आणून ठेवला. “ताई, वडी तुमची, डबा पण तुमचाच.” त्यांचं बरोबर होतं. मेणाचं भांडं धुवायचं नसतं, पुसायचं असतं: गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने. वितळलेलं मेण सिंकमध्ये तर चुकूनही ओतू नये. ते पाइपात जाऊन गोठतं, मग प्लंबर येतो, आणि ‘घरी केलं की स्वस्त पडतं’ या सिद्धान्ताला शेवटचा धक्का बसतो. एक डबा, एक चमचा कायमचे या कामाला लावावेत आणि त्यांच्यावर खूण करावी, नाहीतर एखाद्या सकाळी चहावर तवंग येतो.

एवढा सगळा अभ्यास झाल्यावर वडी नेमकी कशी वापरायची, हे दाखवून दिलं आमच्या सासऱ्यांनी, आणि तेही नकळत. त्यांनी चिठ्ठी वाचलीच नव्हती. बाथरूमच्या फळीवर वडी दिसली, आंघोळीला घेतली. बाहेर येऊन तक्रार केली, “हा कुठला साबण आणलाय? चोळून चोळून दमलो, फेस म्हणून नाही.” मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, “पण अंग मऊ झालंय खरं.”

सासूबाई ओली वडी बघून हळहळल्या, पण सासऱ्यांचं शास्त्र बिनचूक होतं. या वडीत ओलावा नाहीच, त्यामुळे ती कातडीला ओलावा देणार कुठून? ती फक्त झाकण घालते. मेण आणि तेलाचा पातळ थर बसतो आणि आतलं पाणी उडून जायचं थांबतं. कोरड्या ठणठणीत पायावर वडी घासली तर कोरडेपणावरच झाकण बसतं. तेव्हा आंघोळ झाल्यावर अंग टिपावं, पण पूर्ण कोरडं करू नये, आणि त्या ओलसर अंगावर वडी फिरवावी. वापरून झाली की फडक्याने पुसून कोरड्या डबीत ठेवावी. तळपायाला लावलीत तर लगेच मोजे घालावेत, कारण तेलकट टाचा आणि गुळगुळीत फरशी यांचं जमत नाही. वडी काही महिने टिकते. खवट वास आला की टाकून द्यावी, त्यात सुगंध घालून वाचवू नये. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात, मेण थोडं वाढवावं.

बाकी तुमच्या हातात. मेण, कोकम तेल, खोबरेल, बस्स. आणि पाणी घातल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर ते आधी अंगावर घाला, मग वडी लावा.